विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (२४ जून १८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ व निबंधकार होते. मूळ कागदपत्रांच्या आधारे इतिहास लिहिण्याची शिस्त महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य असून त्यांना 'इतिहासाचार्य' म्हणून ओळखले जाते.

पूर्वायुष्य

राजवाडे यांचा जन्म रायगड जिल्ह्यातील (तत्कालीन कुलाबा) वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत आणण्यासाठी त्यांनी १८९४ मध्ये 'भाषांतर' हे मासिक काढले. त्यासाठी प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा अनुवाद केला. इंग्रजीवर प्रभुत्व असूनही आपले संशोधन मराठीतूनच मांडण्याचा निर्धार त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

साधनांचा शोध

त्या काळी मराठ्यांच्या इतिहासाचे ज्ञान मुख्यतः ग्रँट डफचा ग्रंथ आणि बखरी यांवर अवलंबून होते. काशिनाथ नारायण साने यांच्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने जुने साहित्य छापण्यास आरंभ केला होता. मात्र सरदार, देशमुख, कुलकर्णी आणि मठ यांच्याकडील असंख्य दप्तरे वाळवी व दमटपणा यांमुळे नष्ट होत होती. राजवाडे गावोगाव हिंडले. बहुतेक प्रवास त्यांनी पायी केला. स्वयंपाकही ते स्वतःच करीत. कागद दाखवण्यास नाखूश असलेल्या घराण्यांची मनधरणी करून त्यांनी हजारो पत्रे मिळवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड १८९८ ते १९१७ या काळात प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडात पानिपतपूर्व काळातील, १७५० ते १७६१ या वर्षांचा पत्रव्यवहार आहे.

इतिहासविषयक दृष्टी

खंडांच्या विस्तृत प्रस्तावनांतून राजवाडे यांची इतिहासमीमांसा प्रकट होते. घटना घडल्यानंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या बखरीपेक्षा त्याच वेळी लिहिलेले अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हे तत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले. बखरी व ग्रँट डफ यांच्यातील चुका त्यांनी पत्रांच्या तारखा ताडून दाखवल्या. राजे व लढाया यांपुरता इतिहास मर्यादित नसून समाज, भाषा, धर्म व अर्थव्यवहार हेही त्याचे विषय होत, अशी त्यांची धारणा होती. जुन्या पत्रांतील फारसी शब्दांचा अभ्यास करून त्यांनी भाषेलाही इतिहासाचे साधन बनवले.

संस्था व ग्रंथकार्य

७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एका व्यक्तीच्या श्रमांवर चाललेल्या कार्याला त्यामुळे संस्थेचा आधार मिळाला. पुढे सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने ते मंडळापासून दूर झाले व धुळे येथे राहिले. 'राधामाधवविलासचंपू' आणि 'महिकावतीची बखर' यांची त्यांनी संपादने केली. विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचे निबंध विशेष वादग्रस्त ठरले. त्यांनी जमवलेल्या सामग्रीवरून धातुकोश व व्युत्पत्तिकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

पुराव्याबाबत काटेकोर असलेले राजवाडे अनुमानांत मात्र अनेकदा धाडसी होते. त्यांच्या काही व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांनी अमान्य केल्या. त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पोथीच्या प्राचीनतेविषयीही शंका घेतल्या गेल्या. चातुर्वर्ण्याचा पुरस्कार व संतांवरील टीका यांमुळे त्यांच्या सामाजिक विवेचनावर कठोर आक्षेप आले. तथापि त्यांची अनुमाने तपासण्यासाठी लागणारी साधने बहुतांशी त्यांच्याच खंडांतून उपलब्ध झाली, ही त्यांच्या कार्याची सर्वांत मोठी फलश्रुती होय. धुळे येथे त्यांचे निधन झाले. १९२७ मध्ये तेथे त्यांच्या स्मरणार्थ राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करण्यात आले आणि त्यांचा कागदपत्रांचा संग्रह तेथे जतन झाला.