चुकलेल्या उत्तरांचा अभ्यासक

मुलाने चुकीचे उत्तर दिले की आपण काय करतो? शाळेत गुरुजी लाल रेघ ओढतात, घरी आपण हसतो किंवा रागावतो आणि बरोबर उत्तर सांगून मोकळे होतो. मूल असे का म्हणाले असेल, याचा विचार करायला आपल्याला सवड नसते. स्वित्झर्लंडमधल्या एका माणसाने मात्र जवळजवळ साठ वर्षे हेच केले. त्याचे नाव ज्याँ पियाजे. तान्ह्या बाळापासून प्रौढापर्यंत माणसाचा विचार कसा घडत जातो, याविषयी आज जे शिकवले जाते, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

पियाजेंचा जन्म 9 ऑगस्ट 1896 रोजी न्यूशातेल या गावी झाला. वडील मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक, पद्धतशीर काम करणारे. आईची मनःस्थिती अस्थिर, त्यामुळे घरात ताण असे. मुलगा लवकरच खेळ सोडून वडिलांसारखा अभ्यासात रमू लागला. दहा-अकरा वर्षांचा असताना बागेत दिसलेल्या एका पांढुरक्या चिमणीवर त्याने छोटेसे टिपण लिहिले आणि ते 1907 साली छापूनही आले. मग गावच्या संग्रहालयाच्या संचालकांच्या हाताखाली तो गोगलगायी आणि शिंपले जमवू लागला. त्यावरचे त्याचे लेख वाचून जिनीव्हाच्या संग्रहालयाने त्याला नोकरी देऊ केली. लेखक अजून शाळेत जातो, हे त्या मंडळींच्या गावीही नव्हते!

याच वयातली आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण लहान असताना पॅरिसमध्ये कुणीतरी आपल्याला बाबागाडीतून पळवायचा प्रयत्न केला आणि दाईने झटापट करून वाचवले, हा प्रसंग पियाजेंना लख्ख आठवत असे. दाईच्या चेहऱ्यावरचे ओरखडेसुद्धा डोळ्यांपुढे येत. ते पंधराएक वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र आले. तो प्रसंग तिने रचलेला होता आणि बक्षीस मिळालेले घड्याळ तिला परत करायचे होते. ऐकलेल्या गोष्टीतून मनाने आठवण तयार केली होती. मन हे नुसते टिपून घेणारे यंत्र नाही, ते घडवते, याचा असा घरचाच दाखला त्यांच्यापाशी होता.

1918 साली त्यांनी गोगलगायींवरच डॉक्टरेट मिळवली. पुढच्या वर्षी ते पॅरिसला गेले. तिथे बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने यांची प्रयोगशाळा होती. बिने 1911 सालीच वारले होते. त्यांचे सहकारी सिमाँ यांनी पियाजेंना काम दिले ते अगदी रटाळ : एका इंग्रजी चाचणीचे प्रश्न पॅरिसमधल्या मुलांना विचारायचे आणि कोणत्या वयाला किती उत्तरे बरोबर येतात ते मोजायचे. पियाजेंचे लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. म्हणजे चुकीमागे काही तर्क होता. मग प्रश्नावली बाजूला ठेवून ते मुलांशी गप्पा मारू लागले. गोगलगायींचा अभ्यासक मुलांच्या विचारांकडे वळला तो असा.

1921 साली ते जिनीव्हाच्या रूसो संस्थेत दाखल झाले, 1923 साली व्हॅलेंटाइन शातने यांच्याशी विवाह झाला. दोन मुली आणि एक मुलगा झाला आणि घर हीच प्रयोगशाळा बनली. नवराबायको दोघेही वह्या घेऊन बसत. चार-पाच महिन्यांच्या बाळापुढचे खेळणे दुपट्याखाली झाकले तर बाळ ते शोधत नाही. आठ-नऊ महिन्यांचे झाले की दुपटे ओढते. पियाजेंनी निष्कर्ष काढला, की डोळ्यांआड झालेली वस्तू जगात शिल्लक असते, हे ज्ञानसुद्धा मुलाला कमवावे लागते.

पुढची पायरी घरी करून पाहण्याजोगी आहे. सहा-सहा नाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. मग एका ओळीतली नाणी दूरदूर सरकवा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीत जास्त नाणी आहेत असे सांगेल. सारखेच पाणी अरुंद, उंच ग्लासात ओतले, तर ते वाढले म्हणेल. सात वर्षांच्या आसपास हेच मूल अशा प्रश्नाला हसू लागते. अकरा-बाराव्या वर्षापुढे ते हाताशी नसलेल्या शक्यतांचाही विचार करते. लंबकाचा वेग वजनाने बदलतो की दोरीच्या लांबीने, हे एकेक गोष्ट बदलून तपासू शकते.

हा बदल घडतो कसा? बँकेच्या भाषेत सांगतो. नवी नोंद आली की आपण ती आधीच्या एखाद्या खात्यात घालून पाहतो. कुठेच बसेना, हिशेब जुळेना, तेव्हा खातेवहीच नव्याने आखावी लागते. मूल असेच आपली वही पुन्हापुन्हा आखत असते. ती दुसऱ्या कुणी आखून देता येत नाही. अमेरिकेत पियाजेंना नेहमी विचारले जाई, की या पायऱ्या लवकर चढवता येतील का? या घाईचा उपयोग काय, हेच त्यांना कळत नसे.

त्यांचे सगळेच टिकले असे नाही. प्रश्न मुलाच्या ओळखीच्या प्रसंगात गुंफला तर लहान मुलेही बरोबर विचार करतात, हे मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1978 च्या पुस्तकात दाखवले. झाकलेल्या वस्तूचे भान बाळांना पियाजे समजत त्याहून लवकर येते, असे 1985 पासूनचे प्रयोग सुचवतात. स्वतः पियाजेंनीही 1972 साली मोकळेपणाने आपले मत सुधारले : पक्का तर्क पंधरा ते वीस वर्षांपर्यंत लांबू शकतो आणि तोही प्रत्येकाला आपापल्या व्यवसायाच्या क्षेत्रातच साधतो. मला हे पटते. चांगली शिकलेली माणसे कर्ज घेताना फक्त मासिक हप्ता किती, एवढेच विचारत. मुदत वाढवून हप्ता कमी केला की कर्ज स्वस्त झाले असे त्यांना वाटे, एकूण व्याज वाढलेले दिसत नसे. ग्लासातल्या पाण्याची नुसती उंची पाहणारे मूल मोठेपणीही आपल्यात मुक्कामाला असते.

डोक्यावर बेरे टोपी, तोंडात पाइप आणि कागदांच्या ढिगाऱ्यात हरवलेले टेबल, असे पियाजे अखेरपर्यंत लिहीत राहिले. 16 सप्टेंबर 1980 रोजी जिनीव्हात ते वारले. त्यांच्या पायऱ्यांची वये पुढेमागे होतील, झालीही आहेत. पण घरातले नातवंड रात्री गाडीतून येताना, चांदोमामा आपल्याच मागे मागे येतोय म्हणाले, तर लगेच भूगोल शिकवू नये. शेजारच्या मुलाच्या मागे कोण जातो, एवढे विचारावे आणि ते काय सांगते ते नीट ऐकून घ्यावे.