डॉ. द्वारकानाथ कोटणीस : परक्यांच्या लढ्यात साथ देणारे सोलापूरचे डॉक्टर

सोलापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. इतिहासाचा अभ्यास केला असेल तर चार हुतात्मेही आठवतील. याच गावच्या एका डॉक्टरांचं नाव चीनमध्ये आजही आदरानं घेतलं जातं. आपल्याकडे मात्र पुष्कळांना त्यांच्या नावाचा सिनेमा तेवढा माहीत असतो. ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांच्यावर लिहायला आणखी एक कारण आहे. हल्ली मोठ्या कंपन्यांत, कॉलेजात, मुलाखतीत अलायशिप आणि इन्क्लुजन हे दोन शब्द फार ऐकू येतात. आज ना उद्या ते तुमच्याही कानावर पडतील. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याच्या बाजूनं, आपल्यावर ती वेळ आलेली नसतानाही उभं राहणं, ही झाली अलायशिप. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाला कामात आणि पंगतीत बरोबरीनं बसवणं, हे झालं इन्क्लुजन. व्याख्या पाठ करायला दोन मिनिटं पुरतात. पण प्रत्यक्षात असं वागायचं तर माणसाला काय काय करावं लागतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे कोटणीसांच्या आयुष्यातल्या शेवटच्या सव्वाचार वर्षांत स्पष्ट दिसतं.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांतारामपंत गिरणीत नोकरीला होते. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच, म्हणजे मुलाला डॉक्टर करणं सोपं नव्हतंच. त्या काळचं सोलापूर गिरण्यांचं गाव होतं. भोंगा झाला की रस्ते कामगारांनी भरून जायचे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू यायची. (आजही येते, सोलापूरकरांना ते वेगळं सांगायला नको.) मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. चौघांची नावं नीट वाचा, म्हणजे गाव कसं होतं ते कळेल. तेव्हा द्वारकानाथ वीस वर्षांचे होते.

पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. हे कॉलेज केईएम हॉस्पिटलला जोडलेलं आहे. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती. सरळ चाललं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीही सांगू शकाल. शिक्षण पूर्ण झालं असतं, मग दवाखाना, घरची जबाबदारी आणि गावात मान.

पण १९३७ साली जपाननं चीनवर मोठा हल्ला चढवला. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी गोळा झाला आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. आपण स्वतः पारतंत्र्यात होतो, हे विसरू नका. ज्याच्या घरात अडचण आहे तोच शेजाऱ्याच्या मदतीला धावला, असा हा प्रकार होता.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. स्पेनच्या यादवी युद्धातल्या जखमींची सेवा करून ते नुकतेच आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजय बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून राजपुताना नावाच्या बोटीनं ते निघाले. कोटणीसांना अजून अठ्ठावीस पूर्ण व्हायची होती.

चीनमध्ये पोचल्यावर या पाहुण्यांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हे अक्षर जोडलं होतं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले क दीहुआ. तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? पण जखमी सैनिकाला, खेड्यातल्या म्हातारीला जे नाव उच्चारता येतं, त्या नावाच्या माणसाशी ती बोलते. स्वतःची ओळख ऐकणाऱ्याच्या जिभेला पेलेल अशी करून देणं, ही पहिली पायरी झाली. आपल्याकडे परगावाहून शाळेत आलेल्या मुलाचं नाव नीट उच्चारायचे कष्ट आपण किती घेतो, याचा जरा विचार करा.

मग घरची बातमी आली. पथक चुंगकिंगला होतं, पुढे येनानला निघायच्या तयारीत. जानेवारी १९३९ मध्ये कोटणीसांना कळलं की वडील गेले. सोबत्यांनी त्यांना परत जायचा सल्ला दिला. ते गेले नाहीत.

इथे थोडं थांबू या. कोटणीसांवरच्या बहुतेक निबंधांत हा प्रसंग दोन ओळींत संपतो आणि लगेच त्याग, समर्पण असे मोठे शब्द येतात. मला ते पटत नाही. इकडे सोलापुरात आई होती, भावंडं होती. घरातला शिकलेला, डॉक्टर झालेला मुलगा परदेशात आणि कर्ता माणूस गेलेला. चीनच्या मदतीचा खर्च काँग्रेसच्या निधीतून झाला खरा, पण त्याचा एक मोठा हप्ता कोटणीसांच्या घरानं भरला. तो कुठल्याही हिशेबाच्या वहीत नाही. त्यांचा निर्णय बरोबर होता का? वर्गात यावर वाद घाला. मुलगा म्हणून चुकले असं कोणी म्हणालं तर त्याला लगेच गप्प करू नका. दुसऱ्याच्या पाठीशी उभं राहताना आपलीच माणसं मागे उरतात, हा पेच खोटा नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. तिथे डोंगर कोरून केलेल्या गुहांत लोक राहत, दवाखानेही तसेच. औषधांची नाकेबंदी होती. खायला मुख्यतः राळे. हो, तेच राळे, ज्याचा भात आपल्याकडे भोगीला करतात! आपण वर्षातून एकदा हौसेनं खातो, तिथे ते रोजचं जेवण होतं. कोटणीस तेच खात होते. पाहुणे म्हणून वेगळं ताट त्यांनी मागितलं नाही.

खरं काम पुढे होतं. वर्षभरानंतर कोटणीस आणि बसू उत्तर चीनमधल्या आघाडीच्या भागात, जपानी फौजांच्या मागे पसरलेल्या डोंगराळ प्रदेशात गेले. तिथे नॉर्मन बेथून नावाच्या कॅनडाच्या सर्जननं मोठं काम उभं केलं होतं. जखमीला दवाखान्यात आणायचं नाही, दवाखानाच जखमीजवळ न्यायचा, ही बेथून यांची पद्धत. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, रक्तात विष पसरलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. कोटणीसांनी तीच पद्धत पुढे चालवली. ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सेनेनं मोठी मोहीम उघडली. तेव्हा आघाडीच्या अगदी जवळ ते सतत शस्त्रक्रिया करत होते. एकदा सलग बहात्तर तास त्यांनी काम केल्याचं सांगितलं जातं.

पण मला या बहात्तर तासांपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ते चिनी भाषा शिकले. नुसतं पाणी द्या, कुठे दुखतं, इतकं मोडकंतोडकं नव्हे. ते चिनी वाचायला शिकले आणि बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत चिनी भाषेत शिकवू लागले. शस्त्रक्रियेवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहायला घेतलं. आता बघा, परदेशी तज्ज्ञ आला, दुभाष्या उभा केला, व्याख्यान दिलं आणि गेला, असंही करता येतं. त्यालाही मदतच म्हणतात. पण त्यात सगळे कष्ट समोरच्याला पडतात. त्यानं तुमची भाषा समजून घ्यायची, वर आभारही मानायचे. कोटणीसांनी हे उलटं केलं, म्हणजे कळण्याचे कष्ट आपल्याकडे घेतले. साथ आणि उपकार यांच्यातला फरक मला इथे दिसतो.

आणि समोरच्यांनी काय केलं? जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी या तीस वर्षांच्या हिंदी माणसाला बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालक केलं. युद्ध चालू असताना, आपल्या सैनिकांचा दवाखाना एका परदेशी माणसाच्या हाती! इन्क्लुजन म्हणतात ते हेच. फोटोत मध्ये उभं करणं वेगळं आणि किल्ल्या हातात देणं वेगळं. साथ देणारा जितका मोठा, तितकाच त्याला आपल्यात घेणाराही मोठा असावा लागतो. निबंधात ही दुसरी बाजू सहसा येत नाही. तुम्ही जरूर लिहा.

त्याच शाळेत गुओ छिंगलान परिचर्या शिकवत होत्या, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षिका. १९४१ साली दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

तोवर सोबती एकेक करून परतले होते, कोणी आजारपणामुळे, कोणी कामासाठी. अटल गेले, चोळकर आणि मुखर्जी तर त्याआधीच. बसू येनानला होते, ते १९४३ मध्ये मायदेशी आले. कोटणीसांनाही आजारानं गाठलं होतं. त्यांना फेफऱ्याचे झटके येत. उपचारासाठी दुसरीकडे जा म्हणून सहकारी सांगत होते, पण ते जागचे हलले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबै प्रांतातल्या एका खेड्यात झटक्यांनीच त्यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. शस्त्रक्रियेचं दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

डॉक्टर होते, तरी स्वतःच्या दुखण्याकडे पाहिलं नाही, हे मला अनुकरण करण्यासारखं वाटत नाही. तुम्ही पुढे कोणाच्याही मदतीला जा, पण औषध वेळेवर घ्या हं!

आता त्यांची गोष्ट सांगितली कशी गेली, तेही पाहू. १९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिलं. जे एक जण परत आले नाहीत, त्यांच्यावरून त्याचं नाव होतं. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यावरून डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली, पत्नीची जयश्रीबाईंनी. या चित्रपटामुळे कोटणीस घरोघरी पोचले, हे मान्यच करायला हवं. पण सिनेमाला नायक लागतो. त्याच्या प्रकाशात बाकीचे चार डॉक्टर अंधारात गेले. पाचांची नावं सांगा म्हटलं तर आपण एकावरच थांबतो ना?

नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, स्वतःबद्दल सांगा. बहुतेक मुलं तेव्हा आपल्या आयुष्याचा असाच सिनेमा करतात. सगळं मीच केलं, असं सांगतात. कोटणीसांची गोष्ट नीट सांगायची तर त्यात अटल येतात, बसू येतात, बेथून येतात, राळे रांधणारे येतात आणि सोलापुरातली आई येते. त्यांना गाळलं तर कोटणीसही कळत नाहीत.

गुओ छिंगलान यांना मात्र ही गोष्ट आयुष्यभर जगावी लागली. यिनहुआ वडिलांच्या वाटेनं वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ साली, पंचविशीच्या आत, तोही गेला. मधल्या काळात १९६२ चं युद्ध होऊन दोन्ही देशांचे संबंध बिघडले होते. तरीही या बाईंनी सोलापूरच्या कोटणीस घराशी नातं तोडलं नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. कोटणीसांबरोबरच्या आयुष्यावर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं. चित्रपटातल्या नायिकेपेक्षा त्या फार वेगळ्या होत्या. त्या शिकवणाऱ्या, कमावत्या बाई होत्या आणि मुलाचं दुःख सोसून उभ्या राहिल्या होत्या.

चीनचे पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटण्याचा प्रघात पुढे कित्येक वर्षं चालला. चीननं १९८२ मध्ये आणि भारतानं १९९३ मध्ये त्यांचं टपाल तिकीट काढलं. सोलापुरात भैय्या चौकात त्यांचं घर आहे. महापालिकेनं ते जतन केलं आणि १ जानेवारी २०१२ रोजी तिथे स्मारक उघडलं. त्याच वर्षी जून महिन्यात, चीनमधल्या दालियन शहरात, गुओ छिंगलान वयाच्या ९६ व्या वर्षी वारल्या.