डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे

परभणी जिल्ह्यात कापसाचा हंगाम संपला की गाठी उचलणारी डिझेल फोर्कलिफ्ट पावसाळाभर शेडमध्ये उभी राहते. ताडपत्री टाकली की झालं, असं वाटतं. मग दिवाळीच्या आसपास सेल्फ मारला, तर गाडी नुसता पांढरा धूर सोडते. असं का होतं ते रुडॉल्फ डिझेलच्या आयुष्यात सापडतं.

जन्म 18 मार्च 1858, पॅरिस. आईवडील जर्मन. 1870 मध्ये फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटलं आणि कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. पोराला शिकायला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग. तेव्हाची वाफेची इंजिनं कोळशातली जवळपास 90 टक्के ऊर्जा वाया घालवायची, आणि हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. अमोनियाच्या वाफेवरचं इंजिन करताना स्फोट झाला. कित्येक महिने दवाखान्यात काढले, पण नाद सुटला नाही.

नवी कल्पना साधी होती. सायकलचा पंप तोंड दाबून मारा, पंप गरम लागतो. हवा त्याहून कितीतरी जास्त दाबली तर ती इतकी तापते, की आत सोडलेलं इंधन आपोआप पेटतं. स्पार्क प्लगची गरजच नाही! ऑगस्ट 1893 च्या पहिल्या चाचणीत दाब मोजणारं यंत्रच फुटलं, रुडॉल्फ थोडक्यात वाचला. दाब गळू न देणं आणि इंधनाचा बारीक फवारा करणं, यासाठी पुढची वर्षं झुंजावं लागलं. 17 फेब्रुवारी 1897 ला इंजिनाने 26.2 टक्के कार्यक्षमता दाखवली.

पैसा आला, गेलाही. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह दिसला. आत्महत्या की घातपात, यावर अजून वाद आहे.

आता परत शेडमध्ये. दमट हवेने सिलिंडर गंजला, रिंगा चिकटल्या, की दाब गळतो. हवा पुरेशी तापत नाही आणि इंधन न जळता पांढरा धूर होऊन बाहेर येतं. म्हणजे ज्या गळतीशी रुडॉल्फ झगडला, तीच आपण फुकटात परत आणतो. म्हणून गाडी उभी करण्याआधी इंजिन ऑइल बदला, जुन्या ऑइलमधलं आम्ल धातू खातं. टाकी काठोकाठ भरा. अर्ध्या टाकीतल्या हवेचं पाणी होतं. सायलेन्सरचं तोंड झाका, फोर्क जमिनीला टेकवा, हायड्रॉलिकच्या उघड्या दांड्यांना ग्रीस लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

आणि मधूनमधून दोन मिनिटं चालू करून बंद करू नका, बहुतेकजण इथेच चुकतात. थंड इंजिनात जळण्यातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. चालू करायचीच तर वायर जोडा, सायलेन्सर मोकळा करा, शेडचं दार उघडा आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालू द्या.