पहिला मुहम्मद (ग्रानादा)

पहिला मुहम्मद (मृत्यू: २२ जानेवारी, १२७३) हा आजच्या दक्षिण स्पेनमधील ग्रानादा अमिरातीचा संस्थापक व नास्री घराण्याचा पहिला शासक होता. १२३२ मध्ये आर्होना येथे त्याने सत्ता हाती घेतली व १२३८ मध्ये ग्रानादा येथे राजधानी केली. अल्हंब्रा राजवाड्याचे बांधकाम त्यानेच सुरू केले. कॅस्टिलचा राजा तिसरा फर्नांदो याने हाएनला वेढा घातल्यावर १२४६ मध्ये त्याने ते शहर सोडून दिले आणि मांडलिकत्व व खंडणी मान्य केली. या तहानुसार १२४७-४८ मध्ये मुस्लिम सत्तेखालील सेव्हियाच्या वेढ्यात त्याला फर्नांदोच्या बाजूने लढावे लागले. शेजारची मुस्लिम राज्ये कॅस्टिलने जिंकून घेतली. ग्रानादा मात्र १४९२ पर्यंत टिकले. त्याच्यानंतर त्याचा मुलगा दुसरा मुहम्मद गादीवर आला.