आकाशकन्या बेसी कोलमन

विमानात बसताच कमरेचा पट्टा बांधण्याची सूचना होते. मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्या आपल्या भगिनी तो मुकाट्याने बांधतात. पण एक काळ असा होता की, आकाशात कोलांट्या मारणाऱ्यांनाही अमेरिकेत त्याची सक्ती नव्हती. त्या काळातल्या एका धाडसी स्त्रीची ही हकीकत.

बेसी कोलमन हिचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ती नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आई लोकांकडे राबे. मुले कापूस वेचीत. पुढे बेसी शिकागोला गेली व केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे रंगवू लागली. महायुद्धाहून परतलेल्या भावाने, फ्रान्समध्ये बायकासुद्धा विमाने चालवतात, असे सांगून तिला चिडवले. तिने ते मनावर घेतले! अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीला हे शिक्षण देण्यास कोणी तयार होईना. मग पैसे साठवून, फ्रेंच शिकून, ती १९२० साली फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवून दाखवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री.

उपजीविकेसाठी हवाई कसरतींखेरीज मार्ग नव्हता. विमाने जुनी, लष्कराने विकून टाकलेली. १९२३ साली कॅलिफोर्नियात तिचे विमान कोसळले, पाय मोडला. तरी ती पुन्हा उडालीच. आपल्या लोकांसाठी विमानविद्येची शाळा काढायची, हा तिचा ध्यास होता. गोऱ्या-काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या दारांनी आत सोडणार असतील, तर खेळ करणार नाही, असे तिने एकदा संयोजकांना बजावले, आणि दार एकच झाले.

३० एप्रिल १९२६. फ्लोरिडातील जॅक्सनविल येथे दुसऱ्या दिवशी खेळ होता. पॅराशूट घेऊन उडी कोठे मारता येईल, हे पाहण्यासाठी ती सकाळीच निघाली. विमान तिचा यंत्रज्ञ विल्यम विल्स चालवीत होता. डळमळीत यंत्राचे हे विमान टेक्सासहून आणतानाच त्याला वाटेत नाइलाजाने उतरावे लागले होते. काठावरून वाकून खाली पाहता यावे म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. पॅराशूटही अंगावर नव्हते. अकस्मात विमान सूर मारून गरगरले आणि ती बाहेर फेकली गेली. विल्स विमानासह कोसळला. अवशेषांत नियंत्रणाच्या यंत्रणेत अडकलेला एक पाना सापडला.

तिला बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पट्टा तिने कामासाठी सोडला होता. पण १९१२ साली हॅरिएट क्विम्बी ही वैमानिक स्त्री बॉस्टनजवळ अशीच विमानातून पडून वारली होती, आणि चौदा वर्षांत सक्तीचा नियम काही झाला नव्हता.

बेसीच्या मृत्यूनंतर वीसच दिवसांनी, २० मे रोजी, अमेरिकेत हवाई वाहतुकीचा कायदा झाला. तो तिच्यामुळे झाला असे नव्हे; पण वैमानिकाला परवाना व विमानाला तपासणी त्यानेच आली. आज तेथे खास परवानगीवाचून माणसांच्या जमावावर किंवा दीड हजार फुटांच्या खाली कसरती करता येत नाहीत. सोबत दुसरे माणूस असेल, तर सामान्यतः दोघांनाही पॅराशूट बांधावे लागते.

शिकागोला तिच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले. पुढे १९३१ पासून कृष्णवर्णीय वैमानिक दरवर्षी तिच्या थडग्यावरून विमान नेऊन फुले टाकू लागले.