छोटा ड्रॅगन

इ. स. १९७० मधील गोष्ट. लॉस एंजेलिस शहरात एक तरुण सकाळी व्यायाम करीत होता. त्या दिवशी अंग पुरते मोकळे करून न घेताच त्याने जड वजन खांद्यांवर घेतले व तो कमरेत वाकला. पाठीत विलक्षण कळ उठली. मज्जातंतूला इजा झाली असून लाथा मारणे आता विसरावे लागेल, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले. त्याची उपजीविका तर त्याच पायांच्या चपळाईवर चालत होती. त्या तरुणाचे नाव ब्रूस ली.

ब्रूसचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. त्याचे वडील ली होई-चुएन हे चिनी संगीत नाटकांतील नट. नाटकमंडळीबरोबर ते त्या वेळी तेथे गेले होते. पुढील वर्षी हे कुटुंब हाँगकाँगला परतले. ब्रूस लहानपणी अशक्त होता, त्याची दृष्टीही अधू होती. पण स्वस्थ बसणे त्याला ठाऊक नव्हते. बालपणीच तो चित्रपटांत चमकू लागला व 'छोटा ड्रॅगन' अशा अर्थाचे चिनी नाव त्याला मिळाले. रस्त्यावरील मारामाऱ्यांचाही त्याला भारी नाद! किशोरवयात तो यिप मान या गुरूंकडे विंग चुन ही युद्धकला शिकू लागला. गंमत अशी, की हाच दांडगा मुलगा नाचातही तरबेज होता. १९५८ साली चा-चा नृत्याच्या स्पर्धेत तो हाँगकाँगमध्ये पहिला आला.

मारामाऱ्या मात्र थांबेनात. अखेर १९५९ साली आईवडिलांनी त्याला अमेरिकेस धाडले. सिअ‍ॅटल येथे एका उपाहारगृहात वाढप्याचे काम करून तो शिकला. पुढे त्याने कुंग-फूची शाळा काढली आणि कोणत्याही वंशाच्या माणसाला ती विद्या मोकळेपणाने दिली. १९६६ साली दूरचित्रवाणीवरील 'द ग्रीन हॉर्नेट' या मालिकेत त्याला काम मिळाले. पण ते नायकाच्या सहायकाचे. चिनी माणसास नायक करण्यास तेथील निर्माते धजत नव्हते. त्यातच पाठीची ही दुखापत झाली.

ब्रूस कित्येक महिने अंथरुणास खिळला. हातपाय चालेनात, तेव्हा त्याने लेखणी चालविली; युद्धकलेविषयीचे आपले विचार तो वह्यांत लिहून काढू लागला. मग बेताबेताने व्यायाम करून तो उठला आणि पुन्हा लाथा मारू लागला. पाठदुखी मात्र जन्मभर राहिली.

१९७१ साली हाँगकाँगच्या एका चित्रसंस्थेने दोन चित्रपटांसाठी त्याला १५,००० डॉलर देऊ केले. पहिला चित्रपट 'द बिग बॉस'. त्याचे चित्रण थायलंडमधील पाक चाँग या लहानशा गावी झाले. तेथे ब्रूसचा घोटा मुरगळला, तरी काम थांबले नाही. कथा साधीच आहे. चेंग नावाचा गरीब चिनी तरुण बर्फाच्या कारखान्यात कामाला येतो. कोणाशी भांडणार नाही, असे वचन त्याने आईला दिलेले असते. त्याची खूण म्हणून गळ्यात एक पदक असते. भोवती मारामारी जुंपते, सोबती मार खातात, पण चेंग हात आवरून उभा राहतो. प्रेक्षकांचाही जीव कासावीस होतो. अखेर एक गुंड ते पदक तोडतो, आणि मग चेंगचे पाय असे काही चालतात, की लाथ केव्हा उठली व केव्हा बसली हे डोळ्यांना उमगत नाही!

ऑक्टोबर १९७१ मध्ये मध्यरात्रीच्या पहिल्या खेळाला ब्रूस स्वतः हजर होता. चित्रपट संपला, तरी क्षणभर सारे नाट्यगृह स्तब्ध होते. मग टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. हाँगकाँगमधील उत्पन्नाचे तोवरचे सर्व उच्चांक त्या चित्रपटाने मोडले.

पुढील दोन वर्षांत त्याची कीर्ती जगभर पसरली. ज्या हॉलिवूडने त्याला दुय्यम भूमिका दिल्या होत्या, त्यानेच 'एंटर द ड्रॅगन' या चित्रपटात त्याला नायक केले. तो प्रदर्शित होण्यास महिनाही उरला नव्हता. तोच २० जुलै १९७३ रोजी मेंदूला सूज येऊन हाँगकाँग येथे ब्रूसचा मृत्यू झाला. त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. जेथे तो एके काळी ताटे वाढीत असे, त्या सिअ‍ॅटल शहरात त्याचे दफन करण्यात आले.