हिटलरवर बॉम्ब लावणाऱ्या सुताराला लोक नाझींचाच माणूस समजत होते, एका फाईलने खरं बाहेर आलं

तारीख ८ नोव्हेंबर १९३९. म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये हिटलरचं भाषण होतं. १९२३ च्या फसलेल्या बंडाची आठवण म्हणून तो दरवर्षी तिथे बोलायचा. त्या दिवशी मात्र धुक्यामुळे विमानाचा बेत रद्द झाला. रेल्वे गाठायची म्हणून त्याने भाषण लवकर आटोपलं आणि ९ वाजून ७ मिनिटांनी तो निघाला.

९ वाजून २० मिनिटांनी व्यासपीठामागचा खांब बॉम्बने उडाला. ८ जण मेले. हिटलर १३ मिनिटांनी वाचला.

हे काम कुठल्या हेराचं नव्हतं, की लष्करी अधिकाऱ्याचंही नव्हतं. ते केलं होतं गेओर्ग एल्झर नावाच्या सुताराने.

एल्झरचा जन्म १९०३ चा. दक्षिण जर्मनीतल्या क्योनिग्सब्रोन गावात तो वाढला. सुतारकाम शिकला, काही काळ घड्याळाच्या कारखान्यात होता. झिदर हे तंतुवाद्य छान वाजवायचा. नाझी सत्तेत कामगारांची मिळकत घटली, स्वातंत्र्य गेलं, हे तो बघत होता. १९३८ च्या म्युनिक करारानंतर त्याची खात्री पटली की हिटलर युद्ध पेटवणार. त्याला थांबवायचं, असं त्याने एकट्यानेच ठरवलं.

कारखान्यातून त्याने दारू जमवली. मग दगडाच्या खाणीत नोकरी धरली आणि तिथून स्फोटकं आणली. म्युनिकला येऊन ३० हून जास्त रात्री तो त्या हॉलमध्ये लपून बसला आणि गुडघ्यावर बसून खांब पोखरत राहिला. बॉम्बला दोन घड्याळं लावली, एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून.

स्फोट व्हायच्या आधीच तो स्वित्झर्लंडच्या सीमेवर, कॉन्स्टान्झला पकडला गेला. गेस्टापोच्या मारहाणीत त्याने कबुली दिली. पण एक साधा सुतार हे एकट्याने करू शकतो, हे नाझींना मान्यच नव्हतं. त्यांनी ब्रिटिशांवर आळ घेतला. युद्ध जिंकल्यावर मोठा खटला चालवायचा म्हणून त्याला जिवंत ठेवलं. अखेर ९ एप्रिल १९४५ ला डाखाउ छळछावणीत त्याला गोळी घातली. त्यानंतर २० दिवसांनी अमेरिकन सैन्य तिथे पोहोचलं.

युद्ध संपलं, पण एल्झरची बदनामी संपली नाही. हिटलरला मारू पाहणाऱ्याला नाझी पाच वर्षं पोसतील का? म्हणजे तो त्यांचाच माणूस असणार, असा तर्क लोकांनी लावला. स्वतः छळछावणीत राहिलेले पाद्री मार्टिन नीम्योलर यांनीही हेच जाहीरपणे सांगितलं. अनेक इतिहासकारांनीही ते खरं मानलं.

१९६४ साली चित्र पालटलं. लोथार ग्रुखमान हे इतिहासकार कोब्लेंझच्या अभिलेखागारात नाझी काळातल्या न्याय मंत्रालयाचे कागद तपासत होते. त्यात एल्झरच्या चौकशीच्या नोंदींची प्रत निघाली. दोनशेहून जास्त पानं! चौकशी गेस्टापोची, पण प्रत मिळाली मंत्रालयाच्या दप्तरात. म्हणूनच अभ्यासक एकाच खात्याचे कागद बघून थांबत नाहीत.

त्या पानांत त्याचं बालपण, पगार, प्रेमप्रकरणं, बॉम्बची रचना, सगळं होतं. ब्रिटिश हेर नव्हता, नाझींची फूस नव्हती. अर्थात हे लिहिलं होतं गेस्टापोने, छळ केलेल्या माणसाकडून वदवून. त्यामुळे ते तसंच्या तसं खरं मानणं धोक्याचं होतं. अंटोन होख यांनी इतर कागद आणि साक्षीही तपासल्या आणि १९६९ साली मांडलं की एल्झर एकटाच होता. पुढच्या वर्षी चौकशीच्या नोंदी पुस्तकरूपात आल्या.

तरी मान मिळायला आणखी वेळ गेला. क्योनिग्सब्रोनमध्ये त्याचं स्मृतिस्थळ उभं राहिलं ते १९९८ साली. आज म्युनिकमध्ये त्याच्या नावाच्या चौकात एक स्मारक आहे. रोज रात्री ९ वाजून २० मिनिटांनी त्यावरचे दिवे लागतात.

ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्याच कारकुनांनी टाइप केलेल्या कागदांनी त्याचं नाव धुऊन काढलं.